नऊ वारांचा हिशेब : नाशिकच्या वाटेवर स्त्रीचा पेहराव कसा बदलत गेला

१/
पिंपळगाव बसवंतच्या शिवारात टोमॅटो खुडणीच्या दिवसांत दिसणारा स्त्रीचा पोशाख फॅशनच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. सहावारी साडी, तिच्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोके आणि तोंड झाकून घट्ट बांधलेली ओढणी. त्याच वेळी कॉलेजला निघालेली मुलगी कुर्ती-लेगिंग्जमध्ये असते आणि ओट्यावर बसलेली तिची पणजी नऊवारीत. एकाच घरातले हे तीन पोशाख कधी आले, कशामुळे आले आणि कोणाच्या परवानगीने आले, याचा हा थ्रेड.

२/
आधी भूगोल. पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातले, मुंबई-आग्रा महामार्गावरचे बाजाराचे गाव. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांसाठी प्रसिद्ध. त्याच्या पूर्वेला येवला, म्हणजे पैठणी विणणारे गाव. ईशान्येला मालेगाव, म्हणजे कष्टकरी बायकांसाठी स्वस्त, रंगीत सुती लुगडी आणि साड्या विणणारे शहर. एका बाजूला महाराष्ट्रातले सर्वांत महाग वस्त्र, दुसऱ्या बाजूला सर्वांत स्वस्तांपैकी एक, आणि मधून जाणारा मुंबईचा रस्ता. पेहरावाचा इतिहास पाहण्यासाठी याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

३/
एकोणिसाव्या शतकात या भागातील बहुतेक स्त्रियांचे मुख्य वस्त्र म्हणजे लुगडे. साडी हा शब्द तेव्हा घराघरांत रुळलेला नव्हता. एक वार म्हणजे ३६ इंच. त्यामुळे नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांबीचे. त्यात टाका नाही, शिवण नाही, खाली परकर नाही. कासोटा घातला की दोन्ही पाय मोकळे. नांगरणीमागे पेरणी करणे, विहिरीत उतरणे, डोक्यावर भारा घेऊन चालणे, हे सारे त्या एका वस्त्रात होत असे. आज सणासुदीला मिरवले जाणारे हे वस्त्र मुळात कामाचा पोशाख होते.

४/
‘नऊवारी’ हा शब्द एक असला तरी नेसण्याच्या तऱ्हा अनेक. ब्राह्मणी आणि मराठा पद्धतीत निऱ्या, ओचा आणि पदर यांची मांडणी वेगळी. शेतात राबणाऱ्या बाईचे लुगडे गुडघ्याजवळ खोचलेले, वाड्यातल्या बाईचे घोट्यापर्यंत उतरलेले. पश्चिमेकडच्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत कोकणा स्त्रिया आखूड लुगडे नेसत आणि अंगावर फडकी घेत. अंगात खणाची, पुढे गाठ मारायची चोळी. बाई कोणत्या गावची, कोणत्या जातीची, सधवा की विधवा, हे तिने तोंड उघडण्याआधीच तिचे लुगडे सांगत असे. या सांगण्यातच पुढच्या साऱ्या संघर्षाचे मूळ आहे.

५/
हे लुगडे बहुधा तिने स्वतः निवडलेले नसे. बाजार पुरुष करीत. सासरकडून वर्षाला ठरावीक लुगडी, भावाकडून भाऊबीजेचे एखादे, लग्नकार्यात मानाचे एखादे. विरलेले लुगडे फेकले जात नसे; त्याची बाळाला धडुती होत आणि शेवटी ते गोधडीत जाई. कापड ही घराची मालमत्ता होती आणि तिचा हिशेब ठेवला जाई. फॅशन या शब्दात गृहीत धरलेली गोष्ट, म्हणजे आवडीने निवड करण्याची मुभा, फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला येत होती.

६/
पेहराव हा नियमही होता आणि शिक्षाही. ब्राह्मण आणि तत्सम जातींत विधवेचे केशवपन करून तिला आयुष्यभर लाल आलवण नेसायला लावले जाई. चोळी, कुंकू, दागिने वर्ज्य. दलित स्त्रियांच्या बाबतीत लुगडे किती खाली असावे, अंगावर कोणत्या धातूचे दागिने असावेत, हे गावरहाटी ठरवीत असे. नऊ वारांच्या कापडावर असा जातीचा आणि घराचा दुहेरी पहारा होता.

७/
पहिला मोठा बदल आला तो यंत्रामुळे. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली. १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. योगायोग असा की त्याच १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या तरुणाला पहिला कृत्रिम रंग सापडला. १८६० च्या दशकात रेल्वे नाशिक जिल्ह्यातून पुढे खानदेशाकडे गेली. गिरणीचे सूत, रासायनिक रंग आणि मालगाडी हे तिघे मिळून आठवडी बाजारात पोहोचले. पूर्वी मोजक्या रंगांत मिळणारे लुगडे आता अनेक रंगांत आणि कमी दामात मिळू लागले.

८/
मालेगावची कहाणी याच रस्त्यावरची. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातील अनेक मोमीन विणकर कुटुंबे आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे आली आणि मालेगावात स्थिरावली. त्यांच्या हातमागांवर, आणि विसाव्या शतकात यंत्रमागांवर, परिसरातील शेतकरी व मजूर स्त्रियांची लुगडी विणली गेली. ‘मराठमोळा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोशाखाचा ताणाबाणा उत्तरेतून आलेल्या मुस्लिम विणकरांच्या हातचा होता, ही गोष्ट पेहरावाच्या इतिहासात सहसा विसरली जाते.

९/
येवल्याची परंपरा त्याहून जुनी. सतराव्या शतकात रघोजी नाईक यांनी रेशीम विणकरांना येवल्यात आणून वसवले, असे मानले जाते. पैठणीचा पदर असा विणतात की नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मोर, मुनिया, आसवली, अक्रोटी हे तिचे ओळखीचे नमुने. पदराचे काम जितके बारीक तितके दिवस अधिक. एका वस्त्राला काही आठवड्यांपासून वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. येवल्यात ती विणणाऱ्या घरातील बाईच्या अंगावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या सुतीच लुगडे असे.

१०/
पाचवारी-सहावारी साडीकडे जाणारी वाट मुंबईतून निघाली, पण पहिले पाऊल एका बंगाली स्त्रीचे होते. सत्येंद्रनाथ ठाकूर हे सनदी सेवेतील पहिले भारतीय. १८६० च्या दशकात त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईत आल्या, तेव्हा चारचौघांत वावरण्याजोगा पोशाख हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. पारशी स्त्रियांच्या नेसण्यावरून त्यांनी परकर आणि पोलक्यासह साडीची एक पद्धत घडवली आणि बंगालमध्ये रुजवली. आज अखिल भारतीय वाटणाऱ्या साडीच्या घडणीत मुंबईच्या या मुक्कामाचा असा वाटा आहे.

११/
मराठी स्त्रीपुरता हा प्रश्न पहिल्यांदा धारदारपणे उभा राहिला तो अमेरिकेत. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून वैद्यकीय शिक्षणासाठी निघाल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. तिथली थंडी आणि तिथले शिष्टाचार दोन्ही त्याला प्रतिकूल. आनंदीबाईंनी विचारपूर्वक गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. धर्म आणि आहार त्यांनी निष्ठेने सांभाळले, तरी वेशातील या बदलांवरून गोपाळराव नाराज झाले आणि त्यावरून दोघांचा पत्रांतून वाद झाला.

१२/
१८८५ चे एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी : किमोनोतील जपानच्या केई ओकामी, आपल्या देशी पोशाखातील सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि साडीतील आनंदीबाई. पाहणाऱ्याला ती ‘परंपरा जपणारी हिंदू स्त्री’ वाटते. प्रत्यक्षात त्या काळच्या पुण्यातल्या घरंदाज स्त्रीच्या दृष्टीने ती साडी परकी आणि नवी होती. अवघ्या विशीतल्या विद्यार्थिनीने आपल्या कामासाठी, आपल्या निर्णयाने केलेला तो बदल होता. पुढच्या वर्षी, ११ मार्च १८८६ रोजी, त्या पदवीधर झाल्या.

१३/
इकडे महाराष्ट्रात विधवेच्या सक्तीच्या वेशाविरुद्धही आवाज उठत होता. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक समाजाची सभा भरली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार झाला. ज्यांच्या वस्तऱ्यावर ही रूढी चालत होती, त्यांनीच वस्तरा खाली ठेवला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. आलवण एका दिवसात गेले नाही. पण ते नाकारता येते, हे समाजाने पाहिले.

१४/
याच सुमारास स्त्रीवेशाचा एक आदर्श छापखान्यातून घरोघर पोहोचला. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा चित्रछापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांच्या रंगीत प्रती स्वस्तात मिळू लागल्या. भिंतीवरच्या त्या देवी जरीच्या काठांचे वस्त्र आणि अंगासरशी चोळी घालून उभ्या होत्या. आपल्या मनातील ‘देवीची साडी’ पुराणातून आलेली वाटते. तिची आजची प्रतिमा बरीचशी या छापील चित्रांतून आली आहे.

१५/
त्यानंतरच्या काळात मराठी स्त्रियांच्या फॅशनवर सर्वाधिक प्रभाव टाकणारी व्यक्ती पुरुष होती. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, १९११ मध्ये ‘मानापमान’मधील भामिनी रंगवली, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. त्यांचे भरजरी शालू-पैठण्या, पदर घेण्याची ढब, केसांतील गजरा हे सारे पाहून घरंदाज स्त्रिया त्यांचे अनुकरण करीत. कुलीन स्त्रीने रंगभूमीवर येणे निषिद्ध होते; म्हणून नटण्याचा आदर्श तिला एका पुरुषाकडून घ्यावा लागला.

१६/
या कथेतील सर्वांत महत्त्वाचा क्षण मात्र नाटकगृहातला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले. अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगड्याची गुडघ्यापर्यंतची पद्धत सोडा, हातापायांत आणि गळ्यात घातलेले जड, हलक्या धातूचे दागिने टाका, वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ असू द्या, असा त्यांचा आग्रह होता. अनेकींनी तिथल्या तिथे लुगडे घोट्यापर्यंत उतरवून नेसण्यास सुरुवात केली.

१७/
लुगडे काही वीत खाली येणे ही वरवर पाहता किरकोळ गोष्ट. पण गावरहाटीने आखलेली रेषा ओलांडल्याबद्दल मारहाण आणि बहिष्कार पदरी येऊ शकत होता. हा लढा पुढे नाशिक जिल्ह्यात आला : २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला आणि त्यात स्त्रियाही उतरल्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यात, त्याच पैठणीच्या गावात. अंगावर काय घालावे हे ठरवण्याचा हक्क किती मोलाचा असतो, हे या स्त्रियांइतके कोणाला कळले नसेल.

१८/
त्याच दशकांत खादी आली. १९२० नंतर गांधीजींच्या चळवळीतील स्त्रियांनी जाडेभरडे, बहुधा पांढरे पातळ स्वीकारले. पांढऱ्या वस्त्राचा वैधव्याशी जोडला जाणारा अर्थ सधवांनीच ते नेसल्यामुळे सैल झाला. जरीचे काठ, परदेशी मलमल आणि दागिने यांचा त्याग ही देशभक्तीची खूण ठरली. घराबाहेर पडणे, सभेला जाणे, प्रसंगी तुरुंगात जाणे यासाठी घरच्यांची संमती मिळवताना या साध्या वस्त्राने अनेकींना मोठा आधार दिला.

१९/
शहरांत तोवर ‘सकच्छ की विकच्छ’ हा वाद रंगला होता. सकच्छ म्हणजे कासोटा घालून नेसलेले, विकच्छ म्हणजे कासोट्याविना नेसलेले ‘गोल पातळ’. कासोटा सोडणे अनेक वडीलधाऱ्यांना अधर्म वाटे. मंगलकार्यात आणि सोवळ्यात तर गोल पातळ चालतच नसे. १९३० मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्री’ मासिकासारख्या नियतकालिकांतून शिक्षण, विवाह आणि राहणीमान यांवर स्त्रिया स्वतः लिहू लागल्या होत्या. फुग्याच्या बाह्यांचे पोलके, मनगटी घड्याळ आणि चपला ही त्या काळातील शिकलेल्या मुलीची ओळख बनली आणि टवाळीचा विषयही.

२०/
१९३८ मध्ये ‘ब्रह्मचारी’ हा चित्रपट आला. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि महाराष्ट्रात खळबळ माजली. लोकांनी टीका केली आणि चित्रपट पाहण्यासाठी गर्दीही केली. रस्त्यावर तसा पोशाख कोणी घातला नाही. पण निषिद्ध काय आणि मान्य काय यांमधील रेषा पडद्याने हलवली. त्यामानाने गोल पातळ आता बरेच सोज्वळ वाटू लागले.

२१/
जे वादाने झाले नाही ते टंचाईने झाले. दुसऱ्या महायुद्धात कापड लष्कराकडे वळले आणि भाव भडकले. १९४३ मध्ये सरकारने सुती कापड व सूत नियंत्रण आदेश काढला. शहरांत कापड शिधापत्रिकेवर आले. इंग्लंडमध्ये १९४१ पासूनच कपड्यांचे रेशनिंग होते आणि तिथे झगे आखूड व सरळ झाले. भारतात त्याच तर्काने पाच-सहा वार बरे वाटू लागले. नऊ वारांतील तीन वार म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर कापड. तेवढ्यात मुलांचे कपडे निघत. काटकसर हे सहावारीच्या बाजूचे असे कारण ठरले, जे सासूलाही नाकारता आले नाही.

२२/
स्वातंत्र्यानंतर शिक्षिका, परिचारिका, टंकलेखक, ग्रामसेविका अशा नोकऱ्या स्त्रियांना खुल्या झाल्या. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि हळूहळू तालुक्याचे गाव शहराला जोडले गेले. पंचवीस-तीस वर्षांत सहावारी साडी हा ‘शिकलेल्या बाईचा’ पोशाख झाला. आई नऊवारीत आणि लेक सहावारीत, हे त्या काळातील घरोघरचे दृश्य. दशमान पद्धत येऊन मीटर रुळला, तरी ‘वार’ हा शब्द मात्र साडीच्या नावातून गेला नाही.

२३/
सहावारीने एक नवा उद्योगही आणला. नऊवारीला शिवणाची गरज नव्हती. सहावारीला परकर हवा, मापाचा ब्लाऊज हवा, फॉल-पिको हवे. सिंगर आणि उषा या यंत्रांची नावे घरोघरी माहीत झाली. शिवणक्लास काढणे, ब्लाऊज शिवणे हे तालुक्याच्या गावांतून स्त्रियांच्या स्वतःच्या कमाईचे साधन बनले. गळा किती खोल, बाही किती लांब, याचे निर्णय आता दोन स्त्रियांमध्ये, माप देणारी आणि माप घेणारी यांच्यात, होऊ लागले. निवडीची मुभा शिवणयंत्राच्या वाटेनेही आली.

२४/
शेतात मात्र नऊवारी टिकून राहिली, आणि ते योग्यच होते. सहावारीत पाय अडकतो, वाकताना निऱ्या सुटतात. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्रभर खडी फोडण्याच्या आणि बंधाऱ्यांच्या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने राबल्या; त्यांतील अनेकींच्या अंगावर कासोट्याचे लुगडेच होते. शहराने जुनाट ठरवलेला पोशाख कामाच्या जागी अजून सर्वांत व्यवहार्य होता.

२५/
कष्टकरी स्त्रीचे लुगडे सुटले ते कृत्रिम धाग्यामुळे. १९६० आणि ७० च्या दशकांत नायलॉन, टेरिलीन आणि पॉलिस्टरच्या साड्या बाजारात आल्या. त्या लवकर वाळतात, सुरकुतत नाहीत, रंग सोडत नाहीत आणि वर्षानुवर्षे टिकतात. विहिरीवरून पाणी आणून कपडे धुणाऱ्या बाईसाठी हा मोठा दिलासा होता. उणीवही तितकीच खरी : घाम शोषला जात नाही आणि चुलीजवळ धोका वाढतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर गिरण्यांचे सुती पातळ आटत गेले. बाजार यंत्रमागाच्या आणि सुरतेच्या कृत्रिम साडीने भरला.

२६/
दरम्यान सिनेमाचे वारे जोरात होते. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’ने साधना कट दिला. १९६८ मध्ये हिंदी ‘ब्रह्मचारी’ आला आणि मुमताजची अंगासरशी साडी गाजली. तीस वर्षांच्या अंतराने त्याच नावाच्या दुसऱ्या चित्रपटानेही पोशाखाचीच चर्चा घडवली. १९७३ मध्ये ‘बॉबी’चे ठिपक्यांचे कापड, १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’मधील माधुरी दीक्षितची जांभळी साडी. तालुक्याच्या शिंप्याकडे नट्यांची छायाचित्रे घेऊन जाण्याचा हा काळ. नकलेतही हिशेब असे : नक्षी तीच, पण गळा घरच्यांना चालेल एवढाच.

२७/
मग आला ‘पंजाबी ड्रेस’. फाळणीनंतर देवळाली-नाशिक परिसरात सिंधी निर्वासित स्थिरावले. १९६४ मध्ये पिंपळगावपासून जवळच ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि देशभरची कुटुंबे तिथे वसाहतीत राहू लागली. सलवार-कमीज अनोळखी राहिला नाही. त्याला खरी गती मिळाली चाकांमुळे : सायकल, १९७२ ची लुना, १९८४ ची कायनेटिक होंडा. दोन पाय मोकळे ठेवणारे वस्त्र पुन्हा गरजेचे झाले. नऊवारीच्या कासोट्याने जे काम शतकानुशतके केले, ते आता सलवारीने हाती घेतले.

२८/
कॉलेजकुमारीला ड्रेस लवकर मिळाला, सुनेला उशिरा. ‘सासरी ड्रेस चालतो का?’ हा प्रश्न अनेक वर्षे लग्न ठरवताना दबक्या आवाजात विचारला गेला. सासरच्या गावात साडी, माहेरी आणि सहलीला ड्रेस, असा तह घरोघर झाला. बऱ्याच शाळांत शिक्षिकेला साडीचीच अट असे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शिक्षकांसाठी पेहरावाच्या सूचना काढल्या, तेव्हा साडीबरोबर सलवार-कुर्ता शिष्टसंमत ठरला आणि जीन्स-टीशर्टला मनाई झाली. कालचे उच्छृंखल वस्त्र आज शासकीय सभ्यतेचा नमुना झाले होते. संशयाची जागा दुसऱ्या वस्त्राने घेतली होती.

२९/
गाऊनचीही हीच गत. घरकामाला सुटसुटीत म्हणून मॅक्सी किंवा गाऊन महाराष्ट्रभर पसरला. अंगणात किंवा किराणा दुकानापर्यंत जायचे तर त्यावर ओढणी किंवा टॉवेल टाकण्याची रीत स्त्रियांनीच काढली. २०१४ मध्ये नवी मुंबईतील गोठिवली गावात गाऊन घालून रस्त्यावर येणाऱ्या स्त्रीला ५०० रुपये दंडाचा फलक लागला, आणि तो लावणारे महिला मंडळ होते. पहारा नेहमी पुरुषच देतात असे नाही.

३०/
आता पहिल्या पोशाखाकडे. साडीवर पुरुषाचा शर्ट का? निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत थिनिंग आणि डिपिंगची कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. पेठ-सुरगाण्याहून हंगामासाठी मजूर येतात. ऊन, काड्यांचे ओरखडे, फवारणीच्या औषधांचा अंश, टोमॅटोच्या पानांचा हिरवा डाग या साऱ्यांपासून पूर्ण बाह्यांचा शर्ट वाचवतो. वाकल्यावर पदर सरकण्याची चिंता मिटते. तो कोणत्याही सिनेमाने शिकवला नाही. विटलेला शर्ट आणि जुनी ओढणी यांतून कष्टकरी स्त्रियांनी स्वतःच हा पोशाख घडवला. स्कूटीवरच्या मुलीचा स्कार्फ आणि मजूर बाईचे फडके ही एकाच गरजेची दोन रूपे.

३१/
दुसऱ्या टोकाला पैठणी परतली. हातमागाच्या मंदीनंतर २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधीच, २००४ मध्ये, ‘होम मिनिस्टर’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला आणि जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी देण्याची त्याची प्रथा घराघरांत पोहोचली. राजघराण्याचे वस्त्र मध्यमवर्गीय स्वप्न बनले. यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ आली आणि ज्यांना अस्सल परवडत नाही त्यांच्याही कपाटात मोर पोहोचला. हातमागावरच्या विणकरापुढे मात्र त्यामुळे स्पर्धा उभी राहिली.

३२/
नऊवारीही परतली, पण शिवून. १९९९ मध्ये डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली आणि पुढे अनेक शहरांत पसरली. नथ, फेटा आणि नऊवारी घालून मोटारसायकल चालवणाऱ्या तरुणी हे तिचे प्रतीक झाले. नऊ वार नेसण्याची कला घरातून गेल्यामुळे पायजम्यासारखी चढवायची तयार नऊवारी बाजारात आली. पणजीचा रोजचा पोशाख पणतीसाठी वर्षातून दोनदा घालायचा वेश झाला. आणि ज्या सहावारीला एके काळी अधर्म म्हटले गेले, तिला आता ‘आपली पारंपरिक साडी’ म्हणतात.

३३/
दीडशे वर्षांच्या या प्रवासात एक गोष्ट वारंवार दिसते. नवे वस्त्र प्रथम घालणारी टीका सोसते, तिची मुलगी ते सवयीने घालते आणि नातीच्या काळात तेच परंपरा म्हणवले जाते. कापडाची लांबी गिरणी, युद्ध, रसायन आणि सिनेमा यांनी बदलली. पण महाडच्या स्त्रियांपासून ड्रेससाठी सासरी तह करणाऱ्या सुनेपर्यंत खरा झगडा लांबीचा नव्हता. काय घालायचे हे ठरवणार कोण, याचा होता. तो अजून मिटलेला नाही.

३४/
या इतिहासाची साधने संग्रहालयापेक्षा घरात अधिक आहेत. जुन्या गोधडीची शिवण उसवली तर थर सापडतात : इरकलीचा काठ, मालेगावचे सुती लुगडे, मधल्या काळातील छापील पातळ, वरच्या बाजूला कृत्रिम साडी. लग्नाच्या अल्बममध्ये कोणत्या वर्षी कासोटा गेला हे दिसते. आजीला ‘तू काय नेसत होतीस?’ एवढेच विचारले तर रंग आणि काठ कळतील. ‘ते कोणी आणले, आणि तुला काय हवे होते?’ असे विचारले तर इतिहास कळेल. नऊवारीतील ती पिढी झपाट्याने सरते आहे. हा प्रश्न या सुट्टीतच विचारला गेलेला बरा.